स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘वाढीव फेरी नाही’ अट

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील स्टॅनफर्ड विद्यापीठात ये-जा करणाऱ्या मोटारींवर सँटा क्लॅरा काउंटीने २००० साली घातलेली मर्यादा. विद्यापीठाची ८,१८० एकर जमीन सहा स्थानिक शासनांच्या हद्दींत पसरली आहे. मुख्य परिसर मात्र कोणत्याच शहरात मोडत नाही, त्यामुळे तेथील बांधकामाला परवानगी देण्याचा अधिकार काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाकडे आहे. रहदारीचा ताप होतो तो पालो आल्टो, मेन्लो पार्क या शेजारच्या गावांना. त्यांतले मेन्लो पार्क तर सॅन मटेओ या दुसऱ्याच काउंटीत येते, म्हणजे ज्यांच्या दारावरून मोटारी जातात त्यांतल्या पुष्कळांना निर्णय घेणारे मंडळ निवडण्याचा हक्कच नाही. अशा परवानग्यांवरील लोकसुनावणीला येथे महत्त्व आले त्याचे हे एक कारण.

डिसेंबर २००० मध्ये मंडळाने २०,३५,००० चौरस फूट शैक्षणिक बांधकाम आणि सुमारे ३,००० निवासांना मंजुरी दिली. शेजाऱ्यांचा विरोध मिटवण्यासाठी जी तडजोड निघाली ती साधी होती : मंजूर इमारती बांधा, पण गर्दीच्या तासातल्या मोटारी वाढता कामा नयेत. २००१ मध्ये पहिली मोजणी झाली. सकाळच्या गर्दीच्या तासात आत येणारी ३,३१९ आणि संध्याकाळच्या तासात बाहेर पडणारी ३,४४६ वाहने हा पायाभूत आकडा ठरला. पुढे दरवर्षी परिसराच्या वेशीवर मोजणी होऊ लागली. एका दारातून शिरून दुसऱ्या दाराने निघून जाणाऱ्या परक्या गाड्या नंबरप्लेटवरून ओळखून वजा केल्या जात. मर्यादा ओलांडली गेली, तर आसपासच्या चौकांच्या सुधारणेचा खर्च विद्यापीठाच्या माथी बसणार होता. शेजारच्या भागातील मोटारी कमी करून दाखवल्यास त्याचे श्रेय हिशेबात धरण्याची सोयही होती.

विद्यापीठाने दंड भरण्यापेक्षा मोटारी कमी करण्यावर पैसा घातला. कॅलट्रेन या लोकलचा पास पात्र कर्मचाऱ्यांना फुकट मिळू लागला, एकट्याने मोटार न आणणाऱ्यांना रोख बक्षिसी सुरू झाली, पार्किंगचे दर चढले. स्थानकापासून परिसरापर्यंत ‘मार्गरीट’ ही विनामूल्य बस धावते. २००२ मध्ये सुमारे ७२ टक्के कर्मचारी एकटेच मोटार हाकत येत. पुढच्या दीड दशकात हे प्रमाण जवळपास ५० टक्क्यांवर आले.

या प्रयोगांतला एक धागा भारतातून आला होता. स्टॅनफर्डचे प्राध्यापक बालाजी प्रभाकर यांनी २००८-०९ मध्ये बंगळुरूला इन्फोसिसच्या कर्मचाऱ्यांसाठी एक योजना चालवली. गर्दीच्या आधी बसने येणाऱ्याला गुण मिळत आणि गुणांवर सोडत निघून पैसे मिळत. याच तत्त्वावर २०१२ मध्ये स्टॅनफर्डमध्ये ‘काप्री’ ही योजना सुरू झाली. गर्दीचा तास टाळून येणाऱ्या किंवा निघणाऱ्या मोटारचालकाला तीत बक्षीस होते.

काप्रीने मोटारी घटवण्याऐवजी त्यांची वेळ हलवली, आणि शेजाऱ्यांचा आक्षेप नेमका इथेच होता. अट एका तासाची व एकाच दिशेची. साडेसातची गर्दी साडेसहावर सरकली, तरी कागदोपत्री सगळे आलबेल. परिसरात राहणारे सकाळी बाहेर कामाला जातात, त्यांच्या मोटारी तर मोजणीत येतच नव्हत्या. विद्यापीठाने अट मोडली असे कोणी म्हणत नव्हते. तिची व्याख्याच अपुरी असल्याचे शेजाऱ्यांचे म्हणणे होते. हे गाऱ्हाणे रास्त होते. मात्र आकड्यात बांधलेली अट होती म्हणूनच ते इतके नेमके मांडता आले हेही खरे. अशा सुनावण्यांत एरवी ‘रहदारी फार वाढली’ यापलीकडे गोष्ट जात नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये विद्यापीठाने आणखी २२,७५,००० चौरस फूट शैक्षणिक बांधकामाची आणि ३,१५० निवासांची परवानगी मागितली. राज्याच्या १९७० च्या पर्यावरण कायद्यानुसार परिणाम अहवालाचा मसुदा ऑक्टोबर २०१७ मध्ये खुला झाला. या कायद्यात सामान्य माणसाच्या पत्रालाही वजन आहे : पर्यावरणाबद्दलच्या प्रत्येक ठोस आक्षेपाला अंतिम अहवालात लेखी उत्तर द्यावे लागते. शेजारच्या शहरांनी, शाळांतील मुलांच्या पालकांनी आणि रहिवाशांनी त्याचा पुरेपूर वापर केला. जास्त घरे बांधल्यास रहदारीवर काय परिणाम होईल हे तपासण्यासाठी काउंटीला २०१८ मध्ये अहवालाचे काही भाग पुन्हा लोकांपुढे ठेवावे लागले.

तोवर वादाचे केंद्र हलले होते. घरे परवडत नाहीत म्हणून लोक लांब राहतात आणि लांब राहतात म्हणून मोटारीने येतात, तेव्हा कामगारांची घरे विद्यापीठानेच बांधावीत अशी मागणी जोर धरू लागली. काउंटीने २,१७२ घरांचा आग्रह धरला. विद्यापीठाला या अटी आणि त्यांच्या बदल्यात मिळणारी बांधकामाची हमी यांचा मेळ बसवता येईना. १ नोव्हेंबर २०१९ रोजी, मंडळाच्या अंतिम मतदानापूर्वी, विद्यापीठाने अर्ज मागे घेतला. त्यामुळे २००० ची परवानगी तिच्या जुन्या अटींसह लागू राहिली.