हाय खाणे: दुःख आणि छातीच्या दुखण्याचा इतिहास

साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शेवगावात प्रॅक्टिस सुरू करून मला फार दिवस झाले नव्हते. जवळच्या खेड्यातून एक मावशी आल्या. वय साठीच्या आसपास, मधुमेह जुना. तरुण मुलाचा दहावा दोन दिवसांपूर्वीच झालेला. "छातीवर दगड ठेवल्यागत वाटतंय," त्या म्हणाल्या. सोबतचे दीर म्हणाले, "रडून रडून झालंय डॉक्टर, पोटात अन्नाचा कण नाही." मलाही ते पटलं. ॲसिडिटीची गोळी दिली, धीर दिला आणि घरी पाठवलं. ईसीजी काढला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना घामाघूम अवस्थेत परत आणलं. हार्ट अटॅक होता. नगरला पाठवलं, त्या वाचल्या. पण चूक माझी होती आणि ती मी विसरलेलो नाही.

खरं तर दुःखाचा हृदयाशी संबंध आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. "पोरानं धसका घेतला", "म्हातारीनं हाय खाल्ली" असं आपण सहज म्हणतो.

पानिपतानंतर

याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण नानासाहेब पेशव्यांचं. डिसेंबर १७६० मध्ये ते आपल्या शेजारच्या पैठण भागात होते. तिथेच त्यांचं दुसरं लग्न झालं. पुढच्याच महिन्यात, १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव भाऊ गेले. २३ जून १७६१ ला पुण्यात पर्वतीवर नानासाहेबांचं निधन झालं. वय अवघं ४०. त्यांनी पानिपताची हाय खाल्ली असं आपण शाळेपासून ऐकतो. मात्र त्यांची तब्येत आधीपासूनच ढासळलेली होती. अडीचशे वर्षांनंतर कोणताही डॉक्टर त्यांचं निदान करू शकत नाही. एवढं मात्र म्हणता येईल, की आधीच आजारी असलेल्या शरीराला असा घाव पेलणं कठीण जातं.

दुखण्याला नाव मिळालं

नानासाहेब गेल्यावर सातच वर्षांनी, १७६८ मध्ये, लंडनमध्ये विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी छातीच्या एका विशिष्ट दुखण्याचं वर्णन केलं. चालताना, विशेषतः चढावर छाती आवळते आणि थांबलं की बरं वाटतं. त्याला त्यांनी 'अंजायना पेक्टोरिस' असं नाव दिलं. तिथलेच प्रसिद्ध सर्जन जॉन हंटर यांना हा आजार होता. कुणी आपल्याला चिडवलं तर जिवावर बेतेल, हे ते ओळखून होते. १७९३ मध्ये हॉस्पिटलच्या बैठकीत वाद झाला आणि त्यानंतर लगेचच ते कोसळले.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ ला अंजायनानेच गेले. रमाबाईंनी आपल्या आठवणींत त्यांच्या अखेरच्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. आजाराचं नाव तेव्हा ठाऊक होतं, पण हृदयाचा आलेख काढणारं यंत्र नेदरलँड्समध्ये नुकतंच आकार घेत होतं.

याला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात अनेक सैनिक छातीत दुखतं, धडधडतं म्हणून येत. १८७१ मध्ये डा कोस्टा या डॉक्टरांनी त्यांच्यावर लिहिलं. यातल्या अनेकांच्या हृदयात काही बिघाड सापडत नव्हता. म्हणून ते ढोंग करत होते असं नाही. ताणातून होणारं दुखणंही खरंच दुखतं.

जपानमधलं मडकं

१९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी आणखी एक प्रकार दाखवला. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा टोकाकडे फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा हा आकार दिसतो, म्हणून त्याला 'ताकोत्सुबो' म्हणतात. रक्तवाहिनीत अटॅकसारखी गुठळी नसते. पाळी थांबलेल्या स्त्रियांत हा जास्त आढळतो. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, पण सुरुवातीचे दिवस धोक्याचे असू शकतात. ईसीजी आणि रक्ततपासणी अटॅकसारखीच दिसत असल्याने दोन्हींतला फरक बहुधा अँजिओग्राफीनंतरच कळतो.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, जिवलग माणूस गेल्यावर पहिल्या २४ तासांत हार्ट अटॅकचा धोका नेहमीच्या सुमारे २१ पट आढळला. नंतर तो दिवसागणिक उतरत गेला. घाबरू नका. मूळ धोका लहान असतो, त्यामुळे बहुसंख्य शोकग्रस्तांना काही होत नाही. पण मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग करायचं काय?

छातीच्या मधोमध दाब, दुखणं हात, जबडा किंवा पाठीकडे जाणं, घाम, धाप यांपैकी काही असेल तर १०८ ला फोन करा किंवा लगेच दवाखाना गाठा. स्त्रियांत आणि मधुमेहींत नुसती धाप, मळमळ किंवा कमालीचा थकवाही पुरे. पहिला ईसीजी चांगला आला तरी दुखणं चालू असेल तर तो पुन्हा काढावा लागतो.

सुतकाच्या घरात आणखी एक गोष्ट हमखास होते. जेवण सुटतं, झोप जाते आणि रोजच्या गोळ्याही राहतात. म्हणून भेटायला गेलात तर सांत्वनाबरोबर एवढं विचारा: "बीपीची, शुगरची गोळी घेतली का?" गोळी घेतली आणि जेवण मात्र नाही, असं असेल तर शुगर एकदम उतरू शकते. दोन घास आग्रहाने खायला लावा.

आता असा पेशंट आला, की मी आधी ईसीजी काढतो. मग खुर्ची जवळ ओढून बसतो आणि गेलेल्या माणसाबद्दल विचारतो.