स्पीकरची तार : जाडी, लांबी आणि भेसळ

वर्धा, प्रतिनिधी

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडी, सिंदी (मेघे), पिपरी (मेघे] या वस्त्यांत नवे घर उभे राहते तेव्हा विजेचे काम गिलाव्यापूर्वी उरकले जाते. दिवे, पंखे, कूलर, एसी यांचे पॉइंट कोठे हवेत हे घरमालक बारकाईने सांगतो. स्पीकरचा विषय बहुधा विसरला जातो, आणि आठवलाच तर वायरमनकडे उरलेली जी तार असेल ती ओढून घेतली जाते. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर पुढे केव्हातरी येतात. तोवर तार भिंतीत बुजलेली असते. ती बारीक निघाली, किंवा तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम निघाले, आणि पाइपातही जागा उरली नसेल, तर भिंतीला पुन्हा झिरी मारण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणूनच हा किरकोळ वाटणारा विषय वेळीच समजून घेतलेला बरा.

प्रथम मंडपाच्या अनुभवाविषयी. गणेशोत्सवात, लग्नकार्यात भोंगे लावणाऱ्या कारागिरांना बारीक तारेवर शेकडो मीटर अंतरापर्यंत आवाज नेण्याची सवय असते. मग घरात जाड तार कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो गैर नाही. उत्तर पद्धतीतील फरकात आहे. मोठ्या अंतरासाठी १०० व्होल्टची ‘लाइन’ वापरली जाते व प्रत्येक भोंग्यापाशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्या पद्धतीत १०० वॅट शक्ती पोचवण्यास केवळ १ अँपिअर प्रवाह लागतो. घरातील ८ ओहमच्या स्पीकरला तेवढीच शक्ती देताना सुमारे २८ व्होल्ट दाबावर साडेतीन अँपिअर प्रवाह वाहतो. प्रवाह साडेतीनपट झाला की त्याच तारेत उष्णतेच्या रूपाने होणारी गळती बारा पटींवर जाते. घरगुती स्पीकर मंडपाच्या अॅम्प्लिफायरच्या १०० व्होल्टच्या अग्रांना थेट जोडणे तर सर्वथा टाळावे. त्यात स्पीकरचे वेटोळे जळण्याचा धोका असतो.

किती जाड, किती लांब

जाणकारांनी सर्वसाधारणपणे मान्य केलेला दंडक असा की, जाण्या-येण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध स्पीकरच्या अंकित ओहमच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावा. ८ ओहमच्या स्पीकरसाठी ही मर्यादा ०.४ ओहम होते, तर ४ ओहमसाठी ०.२ ओहम. ०.४ ओहमच्या तारेमुळे आवाजाच्या पातळीत जेमतेम ०.४ डेसिबेलची घट होते. ती कानाला सहसा जाणवत नाही. मात्र स्पीकरचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. तो काही कंपनसंख्यांना वाढतो, काहींना घटतो, आणि तारेचा रोध जितका अधिक तितका हा चढउतार आवाजात उमटतो. शिवाय खर्जाच्या पडद्याला वेळीच थांबवण्याची अॅम्प्लिफायरची पकडही सैल पडते. बारीक तारेवर तबल्याचा डग्गा काहीसा सुटल्यासारखा वाजला, तर त्यामागे हे कारण असू शकते.

बाजारात तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये मोजली जाते. वायरमन तिला नुसते ‘एमएम’ म्हणतात. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या लवचिक तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१८ ओहम असतो, म्हणजे दुहेरी तारेचा ०.०३६ ओहम. या हिशेबाने ८ ओहमच्या स्पीकरसाठी १ चौरस मिलिमीटरची तार ११ मीटर अंतरापर्यंत, दीडची १६ मीटरपर्यंत व अडीचची २७ मीटरपर्यंत पुरते. स्पीकर ४ ओहमचा असल्यास ही अंतरे निम्म्यावर येतात. अंतर मोजताना ते हवेतून सरळ न मोजता तार ज्या मार्गाने जाणार त्या मार्गाने मोजावे. दाराच्या चौकटीवरून वळसा घेऊन गेलेली तार पाच मीटरच्या खोलीत सहज बारा मीटर होते.

किरकोळ दुकानांत अजूनही तारेचा जुना हिशेब चालतो: १४/७६, २३/७६, ४०/७६. पहिला आकडा तारेतील धाग्यांची संख्या सांगतो आणि दुसरा धाग्याचा व्यास, म्हणजे ०.००७६ इंच. चौरस मिलिमीटरमध्ये या तिन्हींचे क्षेत्रफळ अनुक्रमे सुमारे ०.४, ०.६७ आणि १.१७ भरते. १४/७६ ही तार ८ ओहमच्या स्पीकरला साडेचार मीटरपलीकडे वापरू नये. टेबलावरील लहान संचासाठी ती ठीक. बैठकीच्या खोलीतील दोन स्पीकरांना ४०/७६ बहुतेक वेळा पुरेशी होते. इंटरनेटची उरलेली लॅन केबल मात्र या कामाची नाही. तिच्या एका धाग्याचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मिलिमीटरच्या आसपास असते.

या आकड्यांना विदर्भात एक पुस्ती जोडावी लागते. वरील रोध २० अंश सेल्सिअस तापमानाचे आहेत. तांब्याचा रोध दर अंशामागे ०.३९ टक्क्याने वाढतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे वर्धेकरांना नवे नाही. तेव्हा तारेचा रोध सुमारे १० टक्क्यांनी चढलेला असतो. टिनाच्या छताखालून नेलेली तार याहूनही अधिक तापते. त्यामुळे हिशेब अगदी काठावर येत असेल, तर एक पायरी जाड तार घ्यावी. फरकाची रक्कम नंतरच्या तोडफोडीपुढे नगण्य असते.

तांबे की तांब्याचा मुलामा

आज ग्राहकाची खरी फसगत होते ती येथे. अॅल्युमिनियमच्या धाग्यावर तांब्याचा पातळ थर दिलेली तार दिसायला हुबेहूब तांब्यासारखी असते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. ती मुलाम्याची म्हणून सांगून, स्वस्तात विकली तर तक्रारीचे कारण नाही. एक पायरी जाड घेऊन ती वापरताही येते. पण अनेकदा वेष्टनावर याचा उल्लेख बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. शिवाय अॅल्युमिनियम मऊ. स्क्रूखाली दाबले की ते हळूहळू चपटे होते, जोड सैल पडतो आणि तापू लागतो.

ओळख पटवण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. एक धागा काढून ब्लेडने खरवडावा. आत पांढरी धातू दिसली तर तो मुलामा समजावा. एकच सावधगिरी अशी की, काही अस्सल तांब्याच्या तारांवर कथिलाचा थर असतो. त्या बाहेरून पांढऱ्या आणि आतून तांबूस असतात, म्हणजे नेमक्या उलट. पूर्ण गुंडाळी घ्यायची असेल तर किराणा दुकानातील तराजू उपयोगी पडतो. ९० मीटरच्या, १ चौरस मिलिमीटर दुहेरी तारेत नुसते तांबेच सुमारे १.६ किलो भरायला हवे; वरचे प्लास्टिक वेगळे. अख्ख्या गुंडाळीचे वजन त्याहून कमी आले तर दुकानदाराला प्रश्न विचारावा. मल्टिमीटर हाताशी असल्यास गुंडाळीच्या एका टोकाच्या दोन्ही तारा एकत्र पिळून दुसऱ्या टोकाला रोध मोजावा. तांब्याच्या तारेत तो सव्वातीन ओहमच्या आसपास येतो, मुलाम्याच्या तारेत पाचच्या वर. मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध त्यातून वजा करायला विसरू नये.

याच्या दुसऱ्या टोकाला आहे महागड्या केबलींची दुनिया. पुण्याची तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो किंवा नागपूरची सीताबर्डी, ‘ऑक्सिजनमुक्त’ तांबे, बाणाची दिशा दाखवणारी केबल असे शब्द ग्राहकाच्या कानी पडतातच. विजेच्या कामाचे साधे तांबेही ९९.९ टक्के शुद्ध असते आणि ऑक्सिजनमुक्त तांब्याच्या वाहकतेत त्याहून पडणारा फरक एखाद्या टक्क्याचा. स्पीकरकडे जाणारा प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो, तेव्हा बाणाने नेमके काय साधते हे विक्रेत्यालाच विचारावे. २००७ साली अमेरिकेतील जादूगार व चिकित्सक जेम्स रँडी यांनी सात हजार डॉलरांहून अधिक किमतीची एक स्पीकर केबल साध्या चांगल्या केबलीहून केवळ कानाने वेगळी ओळखून दाखवणाऱ्यास १० लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी अखेर झालीच नाही.

दोन्ही स्पीकरांच्या तारा समान लांबीच्या असाव्यात, हाही असाच एक समज. तारेतून संकेत प्रकाशाशी तुलना होईल अशा वेगाने जातो. तीन मीटर जादा तारेमुळे होणारा विलंब काही अब्जांश सेकंदांचा असतो. याउलट श्रोत्याने डोके एक सेंटिमीटर सरकवले तरी हवेतून येणाऱ्या ध्वनीत त्याच्या हजारपटीहून अधिक फरक पडतो. लांबची तार वरील मर्यादेत बसली की पुरे.

जोडणी

जोडणीपूर्वी अॅम्प्लिफायर बंद करून प्लग काढावा. दुहेरी तारेची एक बाजू लाल, रेघ असलेली किंवा उंचवट्याची असते. तीच बाजू दोन्ही टोकांना लाल, म्हणजे धन अग्राला लावावी. टोकाचे प्लास्टिक १० ते १२ मिलिमीटर सोलावे, धागे न तोडता घट्ट पिळावेत आणि एकही धागा शेजारच्या अग्राला शिवणार नाही हे पाहावे. केसाएवढ्या एका सुट्या धाग्याने शॉर्ट होऊन अॅम्प्लिफायरचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. दुरुस्तीच्या दुकानातील हे नेहमीचे दुखणे आहे. टोकाला डाख देऊन ते स्क्रूखाली दाबण्याची पद्धत चुकीची. डाखाचा मऊ धातू दाबाखाली पसरतो आणि जोड काही महिन्यांत सैल होतो. त्याऐवजी दाबून बसवायचे बनाना प्लग किंवा चिमट्याची टोके वापरावीत.

एका स्पीकरची तार उलटी लागली तर काही जळत नाही, म्हणून चूक वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खर्ज परस्परांना खाऊन टाकतो. बातम्या वाचणाऱ्या निवेदकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध येण्याऐवजी खोलीभर पसरलेला वाटला, तर हीच शंका घ्यावी. भिंतीतील तारेच्या खुणा पुसल्या असतील तर ती अॅम्प्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर तिच्या टोकांना टेकवावा. मोठ्या स्पीकरचा पडदा बाहेर उसळला तर सेलच्या धन टोकाला लागलेली तार लाल अग्राची.

तार वाचवण्यासाठी दोन स्पीकरांना मिळून तीनच तारा नेण्याचा, म्हणजे दोन्ही काळी अग्रे एक करण्याचा प्रघात काही कारागिरांत आहे. अनेक आधुनिक अॅम्प्लिफायरमध्ये काळ्या अग्रावरही व्होल्टेज असते. तेथे हा उपाय घातक ठरतो. एकाच अग्राला ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास भार ४ ओहमचा होतो, हेही ध्यानात ठेवावे. अॅम्प्लिफायरच्या पाठीवर किमान किती ओहम चालतात ते छापलेले असते. स्वतःची वीज घेणाऱ्या सबवूफरला मात्र स्पीकरची तार सहसा लागत नाही; त्याला जाळीचे आवरण असलेली संकेत केबल लागते. बिनतारी स्पीकर घेणाऱ्यांची या साऱ्यातून सुटका होते. विजेचा सॉकेट मात्र त्यांनाही हवाच.

स्पीकरची तार २३० व्होल्टच्या तारांसोबत एकाच पाइपातून नेऊ नये. प्लास्टिक कोठे सोलले गेले तर घरातील वीज थेट स्पीकरच्या उघड्या अग्रांवर येऊ शकते. वेगळा पाइप घ्यावा, त्यात एक सुतळी मोकळी सोडावी. विजेचा पाइप ओलांडावा लागला तर काटकोनात ओलांडावा. खिडकीतील कूलरच्या मागून तार नेण्याचा मोहही टाळलेला बरा. तेथील ओलाव्याने तांब्याची टोके हिरवी पडतात. तशी ती पडलीच तर खराब तुकडा कापून नवे टोक सोलावे. यासाठी दोन्ही बाजूंना हातभर तार जादा ठेवलेली असावी. उंदरांचा वावर असलेल्या माळ्यावरही उघडी तार न टाकता पाइपच टाकावा.

गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक तारेची दोन्ही टोके चिठ्ठी लावून ठेवावीत, मल्टिमीटरने दोन्ही तारा आपसांत शिवत नाहीत हे तपासावे आणि भिंतीला मोजपट्टी लावून पाइपांची छायाचित्रे काढून घ्यावीत. पुढे तसबिरीसाठी खिळा ठोकताना ती उपयोगी पडतात.