लोखंडी मुकुटाचे राज्य
मिलानच्या कॅथेड्रलमध्ये २६ मे १८०५ रोजी नेपोलियनने लोम्बार्डीचा ‘लोखंडी मुकुट’, म्हणजे ख्रिस्ताच्या क्रुसाच्या खिळ्यापासून घडवल्याची श्रद्धा असलेली पट्टी आत बसवलेला सोन्याचा मुकुट, स्वतःच्या हाताने मस्तकावर ठेवला आणि तो इटलीचा राजा झाला. सगळी इटली मात्र या राज्यात नव्हती; पिडमाँट त्यापूर्वीच थेट फ्रान्सला जोडला गेला होता. पुढे टस्कनी आणि रोमचीही तीच गत झाली. मिलानचा कारभार नेपोलियनचा सावत्र मुलगा यूजेन व्हाइसरॉय या नात्याने पाहत असला, तरी मोठे निर्णय पॅरिसहूनच येत.

नव्या दिवाणी संहितेने कायद्यापुढे समानता आणली, हे या राजवटीचे खरे श्रेय आहे. परंतु खेड्यातल्या शेतकऱ्याला ही राजवट प्रामुख्याने भेटली सक्तीच्या सैन्यभरतीच्या रूपाने, जिच्यातून ऐपतदार घरचा मुलगा पैसे मोजून बदली माणूस देऊन सुटे आणि गरिबाचा मुलगा एक तर पलटणीत जाई किंवा डोंगरात पळे. १८१२ मध्ये या राज्याचे सुमारे २७,००० सैनिक रशियावर चालून गेले आणि त्यांपैकी जेमतेम हजारभर परतले. ही हानी कोणत्याही सुधारणेने भरून निघण्याजोगी नव्हती.

युद्धखर्चासाठी करांचा बोजा वाढवणारा अर्थमंत्री जुझेप्पे प्रीना लोकांच्या रोषाचे लक्ष्य ठरला. २० एप्रिल १८१४ रोजी जमावाने त्याचे घर लुटले, त्याला खिडकीतून खाली ओढले आणि छत्र्यांच्या टोकांनी भोसकत मिलानच्या रस्त्यांवर ठार केले. त्या महिन्याच्या अखेरीस ऑस्ट्रियाचे सैन्य शहरात दाखल झाले.