दारू सोडायचीय? जवळची एए मीटिंग अशी शोधा

आपल्याकडे दारूचा विषय निघाला की ‘हराम आहे’ इथंच बोलणं संपतं. हराम आहे हे पिणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्यानं दहा वेळा तौबा केलेली असते आणि दहाही वेळा मोडलेली असते. खरी अडचण पुढची आहे. मोहल्ल्यात कळलं तर मुलीचं स्थळ मोडेल, या भीतीनं घरचे वर्षानुवर्षं गप्प बसतात आणि मदत कुठं मिळते हे कुणाला विचारतही नाहीत. म्हणून ही माहिती आम्ही एका जागी देत आहोत.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरलं, तिथून हे सुरू झालं. सदस्य होण्यासाठी अट एकच: दारू सोडायची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड कुणी मागत नाही. नुसतं पहिलं नाव सांगितलं तरी चालतं, आणि तिथं कोण आलं, काय बोललं हे बाहेर बोलायचं नाही, हा तिथला रिवाजच आहे. बदनामीची भीती असलेल्या घरासाठी याहून सोयीची जागा आम्हाला तरी दिसत नाही. तरीही ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती वाटत असेल, तर दोन स्टेशनं पलीकडचा ग्रुप निवडा.

शोधायचं कसं? एए इंडियाच्या वेबसाइटवर शहरानुसार ग्रुपची माहिती मिळते. इंटरनेट जमत नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करून जवळ कुठं उपचार मिळतात ते विचारा. हा कॉल मोफत आहे. टेली-मानसच्या १४४१६ वर चोवीस तास मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचारलं तरी जवळचा ग्रुप बहुधा कळतो. पुण्यात १९८६ पासून चालणारं मुक्तांगण तर मराठी घरांना माहीतच आहे. जागा आणि वेळा बदलत राहतात, त्यामुळे निघण्याआधी एक फोन जरूर करा. त्याच फोनवर मीटिंग कुठल्या भाषेत चालते आणि ती ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’, हेही विचारून घ्या. क्लोज्डमध्ये फक्त पिणारा बसतो, ओपनला बायको, भाऊ, अब्बा कुणीही सोबत जाऊ शकतात.

पत्ता एखाद्या चर्चच्या हॉलचा किंवा शाळेचा निघाला की काही जण तिथूनच मागे फिरतात. ती फक्त भाड्यानं घेतलेली जागा असते. एए कुठल्याही धर्माची नाही. तिच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो तो ‘ज्याला जसा समजला तसा’. तिथं आपला माणूस मनात अल्लाहचंच नाव घेतो, कुणी अडवत नाही. अमेरिकेतल्या मुसलमानांनी १९८९ मध्ये बाल्टिमोरला याच बारा पायऱ्या इस्लामी चौकटीत बसवून ‘मिल्लती इस्लामी’ नावाची संघटनाही उभी केली.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्याही आधीची, आणि ती जिवावरची आहे. रोज भरपूर पिणारा माणूस रमजानचा चांद दिसला की एका झटक्यात बाटली ठेवतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, काहींना नसलेली माणसं दिसू लागतात. घरच्यांना वाटतं रोजानं अशक्तपणा आला, नाहीतर कसला तरी ‘असर’ झाला, आणि ते आमिलकडं धावतात. हे अचानक दारू तोडल्याचे परिणाम आहेत आणि त्यात जीव जाऊ शकतो. सरळ हॉस्पिटल गाठा. सोडण्याआधीच डॉक्टरांना भेटलं तर ही वेळ औषधांनी बऱ्याच अंशी टाळता येते. आजाऱ्याला रोजाची सवलत आहे, ते रोजे नंतर पूर्ण करता येतात. एए उपचार करत नाही. शरीर सावरल्यावर पुन्हा ग्लास हातात येऊ नये, यासाठी ती आहे.

पिणारा यायला तयार नसेल तर? तर घरच्यांनी आपल्यापुरतं सुरू करावं. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल-अनॉन आहे, बिल विल्सनच्या पत्नी लोइस तिच्या संस्थापकांपैकी एक. पिणाऱ्यानं सोडलेली असो वा नसो, तिथं बसता येतं.

मशिदीच्या इमामसाहेबांकडूनही मदत होऊ शकते. सहीह बुखारीत एका सहाबीचा प्रसंग आहे. दारूसाठी त्यांना पुन्हा पुन्हा शिक्षा झाली, तेव्हा कुणीतरी त्यांच्यावर लानत पाठवली. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्याला रोखलं आणि सांगितलं की हा माणूस अल्लाह आणि त्याच्या रसूलवर प्रेम करतो. जुम्म्याच्या बयानात हा प्रसंग आला, तर पाठीमागच्या सफेत मान खाली घालून बसलेल्याला बरंच बळ मिळेल, असं आम्हाला वाटतं.

पहिल्या दिवशी काहीही बोलायची सक्ती नसते. नुसतं ऐका, निघताना दोघा-तिघांचे नंबर घ्या आणि तलफ आली की प्यायच्या आधी फोन करा. एक ग्रुप पटला नाही तर दुसरा बघा. मीटिंगा बऱ्याचदा संध्याकाळी असतात, तेव्हा मगरिब आणि इशाची वेळ बघून ग्रुप निवडा. रमजानमध्ये इफ्तार-तरावीहमुळं जमत नसेल तर त्या महिन्यापुरती सकाळची किंवा ऑनलाइन मीटिंग धरा, पण खंड पडू देऊ नका.