बसणे, बसविणे आणि ‘सेट’

घरात नवा रेडिओ आला की आपण सहज म्हणतो, “सेट घेतला बरं का!” कपबश्यांचाही सेट असतो, टेनिसच्या खेळाचाही असतो, नाटकाचाही असतो. एवढ्याशा शब्दाच्या गळ्यात इतकी कामे पडली कशी?

इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे. त्याचे प्रयोजक रूप ‘सेट’, म्हणजे बसविणे. ही किल्ली हाती आली की पुष्कळ कुलुपे उघडतात. सोनार अंगठीत खडा बसवितो, हाडवैद्य निखळलेले हाड बसवितो. दोन्ही ठिकाणी इंग्रज ‘सेट’ म्हणतो. येथवर त्याची आणि आपली वाट एकच. पुढे मात्र फाटे फुटतात. आपण घड्याळ लावतो, परीक्षेचा पेपर काढतो. आपले दही लागते, आपला सूर्य मावळतो. इंग्रजाला या साऱ्यांना एक ‘सेट’ पुरतो! त्यातून मागे ‘अप’ जोडले तर उभारणे, ‘ऑफ’ जोडले तर प्रवासाला निघणे.

कपबश्यांच्या सेटची गोष्ट थोडी निराळी आहे. समूह या अर्थाचा ‘सेट’ जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे पंथ, अनुयायांचा मेळा. पुढे दोन्ही शब्द एकाच रूपात मिसळून गेले.

अशा शब्दांनी कोशकारांना घाम फोडला आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश १७५५ साली निघाला. त्यात ‘टेक’ या क्रियापदाचे १३४ अर्थ आहेत. प्रस्तावनेत त्यांनी ‘गेट’, ‘पुट’, ‘सेट’, ‘रन’ अशा क्रियापदांची यादीच देऊन तक्रार केली की, यांचा अर्थ इतका सैल की त्याला कुंपण घालता येत नाही. पुढे ऑक्सफर्डचा महाकोश १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी निघाला. त्याच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ असून ती नोंद सर्वांत लांब होती. २०११ साली सुधारलेल्या नोंदीत ‘रन’ने ६४५ अर्थ नोंदवून तो मान हिरावून घेतला.

परंतु अर्थांची संख्या ही कोशातली गंमत झाली. शब्द माणसांच्या आयुष्यात शिरतो, तेव्हा त्याचे वजन कळते. ‘सेट’च्याच कुळातला ‘सेटल’, म्हणजे स्थिर होणे. आपला ‘सदन’ आणि ‘संसद’ यांतला ‘सद्’ धातूही याच दूरच्या कुळातला. ‘सेटल’वरून ‘सेटलमेंट’. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवून दिला; ते सेटलमेंटच. आपल्याकडे त्याला ‘बंदोबस्त’ म्हणत. फारसीत त्याचा मूळ अर्थ बांधणे. एकच व्यवहार, पण एका भाषेला त्यात स्थैर्य दिसले, दुसरीला बांधलेली गाठ!

या शब्दाचा आणखी एक अर्थ सोलापूरकरांना ठाऊक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. पुढे सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवण्यात आले, आणि त्या जागेचे नाव ‘सेटलमेंट’. बाहेर जायचे तर परवानगी, परत आले की हजेरी. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवू लागल्या. तरी त्या वस्तीला नाव सेटलमेंटच राहिले.

आपणहून बसणे वेगळे आणि दुसऱ्याने बसविणे वेगळे. व्याकरणात हा भेद एका अक्षराचा दिसतो. ज्यांना कुंपणात बसविले, त्यांना तो साऱ्या आयुष्याचा होता. कोशात तो अर्थ कदाचित एका ओळीत मावेल. आपण मात्र तो शब्द उच्चारताना ती ओळ विसरू नये.