सांगायचं की नाही, हे ठरवणार कोण?

"मला एचआयव्ही आहे." तीन शब्द. पण घरी, मित्राला, ऑफिसात सांगायचे म्हटले की घशातच अडकतात. लोक म्हणतात, उगाच घाबरतोस. मला विचाराल तर ही भीती उगाच नाही. तिला इतिहास आहे आणि तो आपल्या शेजारीच घडलाय.

साल १९८९, गोवा. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करायचा. त्याच रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. पोलिसांनी बोलावून घेतलं आणि टीबीच्या रुग्णांसाठी बांधलेल्या एका जुन्या इमारतीत त्याला एकट्याला ठेवलं. तब्बल ६४ दिवस! गुन्हा? काहीच नाही. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. आधी कुणाला सांगू, कसं सांगू, हा विचार करायला त्याला वेळच मिळाला नाही. त्याचं गुपित सरकारनंच उघडं केलं.

त्याची आई मुंबई उच्च न्यायालयात गेली. कायदा काही रद्द झाला नाही. पण डॉमिनिक स्वतःच्या नावानिशी बोलत राहिला. १९९२ मध्ये त्यानं 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला.

आता नाव घेऊन लढणं प्रत्येकाला झेपेलच असं नाही ना? १९९७ मध्ये त्याच उच्च न्यायालयात एका हंगामी कामगाराचा खटला निकाली निघाला. काम करायला तो धडधाकट होता, पण एचआयव्ही आहे म्हणून एका सरकारी कंपनीनं त्याला कामावरून दूर केलं. न्यायालयानं त्याला खरं नाव झाकून, 'एमएक्स' म्हणून लढू दिलं. आणि तो जिंकला. माणूस काम करू शकतो, त्याच्यापासून इतरांना धोका नाही, मग निव्वळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल लागला.

एकानं नाव सांगितलं, दुसऱ्यानं झाकलं. माझ्या लेखी दोघंही तेवढेच धीट.

पुढे २०१७ चा एचआयव्ही कायदा आला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आता कोर्टाचा आदेश वगैरे मोजके अपवाद सोडले तर "तुला एचआयव्ही आहे का, सांग" अशी सक्ती कुणालाच करता येत नाही. जोडीदाराला संसर्ग होऊ नये याची काळजी घेण्याची जबाबदारी मात्र आपली. तिथे बोलावं लागू शकतं. एकट्यानं जमत नसेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर आधी बोलून बघा.

आणि उद्या कुणी विश्वासानं तुम्हाला हे सांगितलं, तर ऐका. पुढे पाठवू नका. ती बातमी तुमची नाही.