पादबंधन, चीनमधील
चीनमधील हान समाजात सु. एक हजार वर्षे रूढ असलेली, लहान मुलींचे पाय कापडी पट्ट्यांनी घट्ट बांधून त्यांची नैसर्गिक वाढ रोखण्याची प्रथा. चिनी भाषेत हिला ‘छान-त्सू’ म्हणजे ‘पाय गुंडाळणे’ असे म्हणतात. अशा रीतीने लहान केलेल्या पावलास ‘सुवर्णकमल’ ही संज्ञा होती आणि तीन त्सुन म्हणजे सु. १० सेंमी. लांबीचे पाऊल आदर्श मानले जाई. प्रत्यक्षात बहुसंख्य स्त्रियांची पावले याहून बरीच मोठी असत. आदर्श आणि व्यवहार यांतील हे अंतर लक्षात न घेतल्याने या प्रथेसंबंधीच्या लोकप्रिय लेखनात पुष्कळ अतिशयोक्ती शिरली आहे.

प्रथेच्या उगमाविषयी अनेक आख्यायिका आहेत. दक्षिण थांग राज्याचा अखेरचा राजा व नामवंत कवी ली यू (कार. ९६१–७५) याच्या दरबारातील याओ न्यांग ही नर्तकी, रेशमी पट्ट्यांनी पाय चंद्रकोरीसारखे बांधून सोन्याच्या कमळावर नृत्य करी, ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका होय. तिचा उल्लेख सुंग काळातील (९६०–१२७९) लेखनात येतो. बाराव्या शतकात जांग बांग-जी या लेखकाने ही चाल अलीकडची असल्याचे नमूद केले आहे. यावरून तिचा प्रारंभ दहाव्या-अकराव्या शतकांत राजदरबारी नर्तकींच्या वर्तुळात झाला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नर्तकीने नृत्यासाठी बांधलेला पाय आणि पुढील काळात हाडे वाकवून कायमचा विरूप केलेला पाय या दोन्ही गोष्टी एकच नव्हेत, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. प्रत्यक्ष पुरावा तेराव्या शतकातील आहे. फूजौ येथे १९७५ साली उत्खनन झालेल्या, १२४३ मध्ये सतराव्या वर्षी निधन पावलेल्या ह्वांग शंग या कुलीन स्त्रीच्या थडग्यात पायांना गुंडाळलेल्या तलम पट्ट्या व १३ ते १४ सेंमी. लांबीचे जोडे मिळाले. प्रथेवरील निषेधाचा सूरही याच शतकातला. चार-पाच वर्षांच्या निरपराध मुलींना अपार यातना देऊन पाय लहान करण्याचा उपयोग तरी काय, असा प्रश्न छ रुओ-श्वे या विद्वानाने त्या वेळीच विचारला होता. तत्त्वज्ञ जू शी (११३०–१२००) याने स्त्रियांच्या शीलरक्षणार्थ या प्रथेचा प्रसार केला, ही समजूत मात्र उत्तरकालीन असून तिला समकालीन आधार नाही.

मुलगी पाच-सहा वर्षांची झाली, की बंधनाला प्रारंभ होई. हे काम आई किंवा घरातील अन्य वडीलधारी स्त्री करी. पुरुषांचा त्यात हात नसे. पाय कोमट पाण्यात भिजवून, नखे कापून, अंगठा वगळता उरलेली चार बोटे तळव्याखाली दुमडत आणि लांब पट्टीने पाऊल आवळून बांधत. पट्टी वेळोवेळी सोडून अधिकाधिक घट्ट केली जाई. त्यामुळे पावलाची कमान वर उचलली जाऊन टाच व चवडा एकमेकांजवळ येत. पहिली दोन वर्षे सर्वांत क्लेशकारक असत. बोटे मोडत, जखमा चिघळत, क्वचित कोथ होऊन बोटे गळत व जंतुसंसर्गाने मृत्यूही ओढवे. हाडांना एकदा आकार आल्यावरही पट्ट्या जन्मभर बांधाव्या लागत.

प्रारंभासाठी शुभ दिवस पाहण्याची रीत होती. सूजौ परिसरात आठव्या चांद्रमासाच्या २४ व्या दिवशी चिकट तांदूळ आणि तांबडे कडधान्य यांचे गोळे चूलदेवतेला अर्पण करीत. ते खाऊन त्याच दिवशी पाय बांधले, तर मुलीची हाडे मऊ होतात अशी तेथील श्रद्धा होती. शरीर आईवडिलांकडून मिळालेले असल्याने त्याला इजा करू नये, ही कन्फ्यूशियन परंपरेची शिकवण या विधीच्या नेमकी विरुद्ध आहे. कोणत्याही प्राचीन धर्मग्रंथाने पादबंधनास मान्यता दिलेली नाही. शास्त्राचा आधार नसतानाही ते शतकानुशतके टिकले आणि आईनेच मुलीच्या बाबतीत पार पाडले, ही या प्रथेतील सर्वांत विचारप्रवर्तक बाब होय. या कर्मामागे आईची क्रूरता होती असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. आपल्या मुलीला बऱ्या घरी स्थळ मिळावे, याची तजवीज ती आपल्या समजुतीप्रमाणे करीत होती.

विवाह जुळविताना पावलांची चौकशी होई. मुलीच्या हातचे भरतकाम केलेले जोडे मध्यस्थ बाईमार्फत वरपक्षाकडे पाठविण्याची चाल अनेक भागांत होती. नववधू सासरच्या स्त्रियांसाठीही स्वतः शिवलेले जोडे नेई. जोड्यावरून पावलाचा आकार कळे, तसेच मुलीचे हस्तकौशल्य, सोशिकपणा आणि आईची शिस्तही जोखली जाई. हे जोडे बाजारात विकत घेतलेले नसत. त्यांची नक्षी, टाचेची उंची व आकार प्रदेशपरत्वे भिन्न असून चिनी लोककलेच्या इतिहासात त्यांना स्वतंत्र स्थान आहे.

यूआन व मिंग काळांत (१२७१–१६४४) ही प्रथा उच्चभ्रू वर्गातून खालच्या थरांत पसरली आणि मांचू (छिंग) राजवटीत (१६४४–१९१२) उत्तर चीनमधील शेतकरी कुटुंबांतही ती जवळजवळ सार्वत्रिक झाली. तथापि ती संपूर्ण चीनची प्रथा कधीच नव्हती. मांचू, मंगोल व तिबेटी स्त्रिया, दक्षिणेतील हाक्का समाज आणि ग्वांगडुंगमधील नावांवर राहणारे लोक यांत ती नव्हती. दक्षिणेकडे भातखाचरांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांतही तिचे प्रमाण कमी होते.

मांचू राज्यकर्त्यांनी चीन जिंकण्यापूर्वीच आपल्या स्त्रियांना पादबंधनाची मनाई केली होती. विजयानंतर हान लोकांवरही बंदी घालण्यात आली. १६६४ मध्ये तिचा पुनरुच्चार झाला, परंतु अंमलबजावणी अशक्य ठरल्याने १६६८ मध्ये ती मागे घ्यावी लागली. याउलट, पुरुषांनी डोक्याचा पुढील भाग तासून मागे वेणी ठेवावी, हा १६४५ चा हुकूम राज्यकर्त्यांनी रक्तपात करून अमलात आणला. ‘पुरुष शरण गेले, स्त्रिया गेल्या नाहीत’ अशी म्हण त्यातून रूढ झाली. ज्या बादशाही सत्तेपुढे लाखो पुरुषांची डोकी झुकली, तिला घराच्या आतल्या खोलीत चाललेला हा व्यवहार थांबविता आला नाही. पुढे मांचू स्त्रियांनी उंच तळाचे जोडे वापरावयास सुरुवात केली. त्यामुळे त्यांचीही चाल डौलदार व सावध झाली.

पादबंधनाचे एक बोलके चित्र ली रू-जन (सु. १७६३–१८३०) याच्या जिंग ह्वा य्वान या कादंबरीत आढळते. तीत स्त्रियांच्या राज्यात सापडलेल्या एका व्यापारी पुरुषाचे पाय बांधले जातात आणि त्याच्या आक्रंदनातून लेखक वाचकाला मुलींच्या वेदनेची जाणीव करून देतो.

ही प्रथा का टिकली, याची उत्तरे वेगवेगळी आहेत. पुरुषांची लैंगिक अभिरुची हे पाश्चात्त्य लेखकांचे आवडते उत्तर. शृंगारिक साहित्यात त्याला आधार आहे, परंतु नांगरटीच्या गावातील शेतकऱ्याच्या घरी ते फारसे लागू पडत नाही. विवाहाचे कारण अधिक सबळ आहे. ज्या समाजात सर्वांच्याच मुलींचे पाय बांधलेले असतात, तेथे एकट्या बापाला आपल्या मुलीचे पाय मोकळे ठेवणे परवडत नाही. मग त्याला प्रथा आवडो वा न आवडो. तिसरे उत्तर श्रमाशी निगडित आहे. लॉरेल बॉसन आणि हिल गेट्स या मानवशास्त्रज्ञांनी ग्रामीण भागातील सु. १,८०० वृद्ध स्त्रियांच्या मुलाखतींच्या आधारे २०१७ मध्ये असे प्रतिपादन केले, की पाय बांधलेल्या मुली निष्क्रिय नव्हत्या. एका जागी बसून सूत कातणे, कापड विणणे यांसारखी कामे त्यांच्याकडून लहानपणापासून करवून घेतली जात आणि गिरणीच्या सुतामुळे हातकताई बुडाली, तेथे पादबंधनाचे प्रयोजनही उरले नाही. हे मत सर्वच प्रदेशांना सारखे लागू पडत नसले, तरी ‘घरात बसलेली शोभेची बाहुली’ या प्रचलित प्रतिमेला त्याने मोठा धक्का दिला आहे.

संघटित विरोधाचा प्रारंभ १८७४-७५ च्या सुमारास आमॉय (श्यामन) येथे जॉन मॅगोवन या मिशनऱ्याने काढलेल्या स्त्रियांच्या मंडळाने झाला. १८९५ मध्ये शांघाय येथे ॲलिशिया लिटल हिच्या पुढाकाराने ‘नैसर्गिक पाय’ संस्था स्थापन झाली. चिनी सुधारकांपैकी कांग यू-वे (१८५८–१९२७) याने आपल्या मुलींचे पाय बांधण्यास नकार दिला आणि १८९८ मध्ये सम्राटाला या प्रथेविरुद्ध निवेदन सादर केले. त्याचा शिष्य ल्यांग छी-छाव याने १८९७ मध्ये शांघायमधील मंडळाची नियमावली तयार केली. या मंडळांच्या सभासदांना दुहेरी शपथ घ्यावी लागे : आपल्या मुलीचे पाय बांधणार नाही आणि पाय बांधलेली सून करणार नाही. शपथेचा दुसरा भाग निर्णायक ठरला. मोकळ्या पायांच्या मुलींना स्थळे मिळण्याची हमी त्यामुळे निर्माण झाली व विवाहाच्या अडचणीची गाठ सुटू लागली.

सम्राज्ञी त्सू शी हिने १९०२ मध्ये पादबंधनाच्या त्यागाचा उपदेश करणारे फर्मान काढले आणि १९१२ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने त्यावर बंदी घातली. बदल किती वेगाने झाला, हे हपै (होपे) प्रांतातील डिंगश्येन या जिल्ह्याच्या पाहणीवरून कळते. तेथे सिडनी गँबल याने १९२९ साली ५१५ कुटुंबांतील स्त्रियांची माहिती गोळा केली. १८९० पूर्वी जन्मलेल्यांपैकी ९९ टक्के स्त्रियांचे पाय बांधलेले होते. १९१९ नंतर जन्मलेल्या मुलींत एकही उदाहरण आढळले नाही. तैवानमध्ये १९०५ च्या जपानी जनगणनेत ५६·९ टक्के स्त्रियांचे पाय बांधलेले आढळले. तेथे १९१५ मध्ये बंदी आली.

सुधारणेच्या या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. कांग यू-वेच्या निवेदनात मुलींच्या यातनांइतकाच, परकीयांच्या उपहासाचा आणि दुर्बल मातांपोटी दुर्बल प्रजा निपजते या चिंतेचा भाग आहे. राष्ट्राची लाज या दृष्टीने प्रश्न मांडला गेल्यावर ज्यांचे पाय आधीच बांधले गेले होते, त्या स्त्रियाच लाजेचे चिन्ह ठरल्या. शान्सी प्रांतात सेनानी यन शी-शान याच्या प्रशासनाने १९१७ नंतर तपासनीस नेमून दंड बसविले. प्रौढ स्त्रियांच्या पट्ट्या सक्तीने सोडविण्याचे प्रकार घडले. वाकलेली हाडे त्यामुळे सरळ होत नसत. पट्टीचा आधार गेल्याने चालणे उलट अधिक कष्टाचे होई. तपासनीस येताच पट्ट्या सोडून तो गेल्यावर पुन्हा बांधणाऱ्या स्त्रियांना सुधारकांनी अज्ञानी म्हटले. त्यांच्या वर्तनात अज्ञानापेक्षा शारीरिक गरज अधिक होती. छ्यू जिन (१८७५–१९०७) या क्रांतिकारक कवयित्रीने स्वतःच्या पायांच्या पट्ट्या काढून टाकल्या. तिचे धैर्य असामान्य होते, परंतु खेड्यातील मध्यमवयीन स्त्रीला तिचा मार्ग क्वचितच खुला होता.

दुर्गम भागांत, विशेषतः युनानमध्ये, ही प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तुरळक चालू राहिली. १९४९ नंतर साम्यवादी शासनाने तिचे अवशेष नष्ट केले. पेकिंगमधील (बीजिंग) वृद्ध स्त्रियांच्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय पाहणीत ८० वर्षांवरील ३८ टक्के आणि ७० ते ७९ वयोगटातील १८ टक्के स्त्रियांच्या पायांत बंधनजन्य विकृती आढळली. या स्त्रिया अधिक वेळा पडत आणि त्यांना उकिडवे बसणे किंवा खुर्चीवरून आधाराविना उठणे कठीण जाई. त्यांच्या मापाचे जोडे बनविणाऱ्या हार्बिन येथील कारखान्याने ते उत्पादन १९९९ मध्ये बंद केले.